मोठा गामा कोण होता?

रमजानच्या रात्री तरावीहची नमाज आटोपली की आमच्या मोहल्ल्यातल्या चहाच्या टपरीवर गर्दी होते. दिवसभराचा उपास सुटलेला असतो, पोटात इफ्तारची भजी आणि खजूर असतात, झोपेला अजून वेळ असतो. अशा वेळी तरुण पोरांचे वाद रंगतात. परवाच्या वादाचा विषय होता, जगातला सगळ्यात मोठा लढवय्या कोण. शस्त्राशिवाय, नुसत्या अंगाच्या आणि डोक्याच्या जोरावर लढणारा. एकाचे मत ब्रूस ली, दुसऱ्याचे मुहम्मद अली. तिसरा मोबाइलवर पिंजऱ्यातल्या लढतींचे व्हिडिओ दाखवून हल्लीच्या एकदोघांची नावे घेत होता. आवाज चढले तेव्हा टपरीवाल्या चाचांनी त्यातल्या एकाला चिडवले, की तू काय मोठा गामा लागून गेलास का. सगळे हसले. मी सहज विचारले की गामा म्हणजे कोण, तर कोणालाच सांगता येईना. एकाला वाटले, तो शब्दच आहे, ताकदवानाला गामा म्हणतात.

त्या पोराचे फारसे चुकले नाही. मराठीत गामा हे विशेषनाम राहिलेलेच नाही. गावात कोणी छाती काढून चालला की त्याला गामा म्हणतात, लुकड्या पोराला थट्टेने गामा पैलवान म्हणतात. माणूस जाऊन साठाहून अधिक वर्षे झाली, त्याचा देश वेगळा झाला, आणि नाव आमच्या बोलीत विरघळून राहिले. म्हणून आज त्या नावामागच्या माणसाविषयी. वादाचा निकाल लागेल असे नाही. पण निदान वाद घालणाऱ्यांच्या यादीत एक नाव कमी पडू नये.

आधी एक खुलासा. मल्लाविषयी मराठीत एकेरीतच बोलतात आणि त्यात अनादर नसतो, उलट माया असते. मीही तसेच लिहिणार आहे.

गामाचे खरे नाव गुलाम मुहम्मद. जन्म १८७८ सालचा, पंजाबातल्या अमृतसर जिल्ह्यातला. घराणे मूळ काश्मिरी, आडनाव बट, आणि पिढीजात धंदा कुस्तीचा. वडील अझीझबक्ष हे दतिया संस्थानच्या पदरी असलेले नामांकित पैलवान होते. दतिया म्हणजे बुंदेलखंडातले झाशीजवळचे छोटे संस्थान. गामा अगदी लहान असतानाच वडील वारले. मग आजोबांनी, म्हणजे आईच्या वडिलांनी त्याला सांभाळले, तेही पैलवान. तेही गेल्यावर मामाने हाती घेतले, मामाही पैलवान. पोरक्या पोराला वारशात जमीनजुमला मिळाला नाही, आखाडा मिळाला.

त्याचे नाव पहिल्यांदा झाले ते जोधपुरात, १८८८ साली. महाराजांनी देशभरातले पैलवान बोलावून बैठकांची स्पर्धा लावली होती. कुस्ती नाही, नुसत्या बैठका. जो शेवटपर्यंत टिकेल तो जिंकला. चारशेहून अधिक पैलवान आल्याचे सांगतात. त्यात हे दहा वर्षांचे पोर उतरले. एकेक पहाडासारखा माणूस मांड्या धरून बाजूला होत गेला, आणि शेवटी उरलेल्या पंधराएक जणांत हा पोरगा अजून खालीवर होतच होता. महाराजांनी त्याचे वय पाहून त्यालाच विजयी जाहीर केले. पुढचे काही दिवस तो अंथरुणावरून उठू शकला नाही, अशीही आठवण सांगितली जाते, आणि मला ती जास्त खरी वाटते. दंतकथांमधला नायक दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठका मारायला उभा राहतो. या पोराचे पाय सुजले होते.

त्यानंतर दतियाच्या महाराजांनी त्याला आपल्या आश्रयाखाली घेतले. इथे जरा थांबायला हवे, कारण आज हे चित्र आपल्या डोळ्यांपुढून गेले आहे. त्या काळातला पैलवान संस्थानिकांच्या खुराकावर जगायचा. राजा हिंदू, पैलवान मुसलमान. किंवा नवाब मुसलमान आणि पैलवान हिंदू. किंवा महाराजा शीख आणि आखाड्यात तिन्ही धर्मांची पोरे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी याच काळात उत्तरेतले मुसलमान पैलवान आणून ठेवले, तालमी बांधल्या आणि खासबागेचे मैदान उभारले, हे आपल्याला ठाऊक आहे. पैलवानाला अंगाला लावायला माती एकच होती. त्या मातीत तेल, हळद, ताक मुरवले जायचे, आणि आखाड्यात उतरताना कोणी बजरंगबलीचे नाव घेई, कोणी अलीचे. मग दोघे एकमेकांच्या अंगावर तीच माती टाकत, पकड घसरू नये म्हणून. समोरच्याला पकड नीट मिळावी याची सोय आपणच करून द्यायची, हा कुस्तीचा पहिला रिवाज. मला तो फार आवडतो.

गामाच्या मेहनतीचे आकडे ऐकले की आजच्या जिममधली पोरे हसतील. रोज पाच हजार बैठका आणि तीन हजार जोर, शिवाय चाळीसएक पैलवानांशी लढत. आकडे वर्षानुवर्षे सांगितले गेले आहेत आणि सांगताना वाढले असतील. तरी हिशेब करून पाहा. मिनिटाला वीस बैठका धरल्या तर पाच हजारांना चार तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. ज्याला दुसरे काहीच काम नाही, ज्याचे दूधतूप-बदाम सरकारी कोठारातून येते, आणि जो दहाव्या वर्षापासून हेच करतो आहे, त्याला हे अशक्य नाही.

बडोद्याच्या दगडाचे मात्र वेगळे आहे. तिथल्या संग्रहालयात एक प्रचंड दगड आहे. २३ डिसेंबर १९०२ रोजी गामाने तो उचलला, असे त्याच्याबाबत नोंदवलेले आहे. वजन बाराशे किलो. आज ऑलिंपिकमध्ये जगातला सगळ्यात ताकदवान माणूस डोक्यावर घेतो ते वजन अडीचशे किलोच्या थोडे पुढे असते. तेव्हा बाराशे किलो उचलून काही अंतर चालला, ही गोष्ट मी वर्गात मुलांना सांगणार नाही. एक कड उचलली असेल, उलटवला असेल, रेटला असेल. तेवढेही पुष्कळ आहे. गामाला मोठे करण्यासाठी त्या दगडाची गरज नाही. त्याच्या ज्या कुस्त्या झाल्या, त्या हजारो लोकांच्या आणि वार्ताहरांच्या डोळ्यांदेखत झाल्या.

पहिली मोठी कुस्ती झाली ती रहीमबक्ष सुलतानीवाला याच्याशी, १८९५ मध्ये. रहीमबक्ष गुजरांवाल्याचा, त्या वेळचा हिंदुस्थानातला अव्वल मल्ल. उंची जवळजवळ सात फूट. गामा सतरा वर्षांचा आणि पाच फूट सात-आठ इंचांचा. पाहणाऱ्यांना वाटले, दोनचार मिनिटांचा खेळ. कुस्ती तासनतास चालली आणि बरोबरीत सुटली. कुस्तीत बरोबरी म्हणजे मोठ्याची हारच समजतात. त्या दिवसापासून देशभरच्या तालमींत हे नाव पोचले. पुढच्या दहापंधरा वर्षांत त्याने समोर येईल त्याला चीत केले. फक्त रहीमबक्षचा हिशेब बाकी राहिला. दोघे पुन्हाही भिडले आणि पुन्हाही निकाल लागला नाही.

मग १९१० साल उजाडले. बंगालमधल्या शरत्कुमार मित्र या धनिकाने पैसा उभा केला आणि गामा, त्याचा धाकटा भाऊ इमामबक्ष आणि आणखी काही मल्ल बोटीने लंडनला गेले. तिथे जागतिक विजेतेपदाची स्पर्धा होती. आयोजकांनी गामाकडे पाहिले आणि त्याची उंची कमी आहे म्हणून त्याला घ्यायचे नाकारले. जोधपुरात वय कमी म्हणून बक्षीस मिळाले होते, इथे उंची कमी म्हणून दार बंद झाले.

गामाने मग जाहीर आव्हान दिले. कोणत्याही वजनाचे कोणतेही तीन पैलवान आणा, अर्ध्या तासात तिघांना चीत करीन. लोकांना ही जाहिरातबाजी वाटली आणि बरेच दिवस कोणी फिरकले नाही. त्या काळात जगज्जेता म्हणवणारा अमेरिकेचा फ्रँक गॉच, रशियाचा हॅकेनश्मिट, जपानी विद्येचा नामवंत जाणकार तारो मियाके, अशा सगळ्यांना निरोप गेले. कोणीही आले नाही. शेवटी बेंजामिन रोलर हा अमेरिकन डॉक्टर-पैलवान तयार झाला. गामाने त्याला पहिल्यांदा दोन मिनिटांच्या आत आणि दुसऱ्यांदा दहा मिनिटांच्या आत खाली घातले. दुसऱ्या दिवशी बारा पैलवानांना हरवले. आता दार उघडणे भाग होते.

१० सप्टेंबर १९१० ची अंतिम लढत पोलंडच्या स्टॅनिस्लॉस झिबिस्कोशी होती. बक्षीस अडीचशे पौंड आणि जॉन बुल नावाचा पट्टा. झिबिस्को गामाहून बराच वजनदार, विलायती कुस्तीत मुरलेला. कुस्ती सुरू झाली आणि पहिल्याच मिनिटात गामाने त्याला खाली घेतले. मग जे झाले ते पाहणाऱ्यांना शेवटपर्यंत समजले नाही. झिबिस्को पालथा पडला आणि पालथाच राहिला. गादीला घट्ट चिकटून, हातपाय पसरून. दोन तास पस्तीस मिनिटे. गामा डावामागून डाव लावत होता, एवढे वजन जमिनीवरून उपटायला बघत होता, आणि समोरचा उठायलाच तयार नव्हता. नियमाप्रमाणे दोन्ही खांदे गादीला लागल्याशिवाय हार नाही, आणि पालथ्या माणसाचे खांदे लागणार कसे? शिवाय गामा मातीवरचा मल्ल, गादी त्याच्या सवयीची नव्हती. अंधार पडेपर्यंत हे चालले आणि लढत बरोबरीत सोडवण्यात आली. निकालासाठी १७ सप्टेंबरची तारीख ठरली. त्या दिवशी गामा आला, पंच आले, प्रेक्षक आले. झिबिस्को आलाच नाही. पट्टा गामाला मिळाला.

आपले लोक ही कहाणी सांगताना झिबिस्कोला भेकड म्हणून मोकळे होतात. मला तसे वाटत नाही. अडीच तास त्या माणसाखाली पडून, एकदाही पाठ न लागू देणे हीसुद्धा ताकद आहे. फक्त ती हरू नये म्हणून लावलेली ताकद होती. आणि गामा आपल्याला हरवेल, हे त्याला पहिल्या मिनिटातच कळले होते. पुढे अठरा वर्षांनी तो स्वतःच्या पायांनी हिंदुस्थानात लढायला आला. भेकड माणूस येत नाही.

त्या विजयाला इथे काय अर्थ होता, हे वेगळे सांगायला नको. देश गुलाम होता. हिंदी माणूस दुबळा असतो, हे त्याला दीडशे वर्षे ऐकवले गेले होते. आणि या साध्या, फारसे न शिकलेल्या पैलवानाने साहेबाच्या राजधानीत जाऊन जगभरच्या मल्लांना बोलावले होते, या म्हणून. लाहोरपासून कलकत्त्यापर्यंत लोकांनी तो विजय आपला मानला. हिंदूंनीही आणि मुसलमानांनीही, कारण तोपर्यंत आपला या शब्दाचे दोन तुकडे झालेले नव्हते.

परतल्यावर अलाहाबादेत रहीमबक्षशी पुन्हा कुस्ती लागली. या खेपेला गामाने जिंकली. त्याला रुस्तुम-ए-हिंद म्हणू लागले, आणि पुढे रुस्तुम-ए-जमाना, म्हणजे युगाचा रुस्तुम. उर्दू-फारसी शिकवणाऱ्याला इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. रुस्तुम हा फिरदौसीच्या शाहनाम्यातला अजिंक्य वीर. पण त्याची सगळ्यात प्रसिद्ध कुस्ती ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात दुर्दैवी घटना आहे. रणांगणावर एका तरुणाला तो खाली पाडून मारतो, आणि मग कळते की तो सोहराब, त्याचाच मुलगा. आपल्या माणसाला न ओळखता मारले. जगातल्या सगळ्यात ताकदवान माणसाच्या नावाला ही कथा कायमची चिकटलेली आहे.

रहीमबक्षविषयी एक लहानशी पण मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट. म्हातारपणी गामाला कोणी विचारले की तुझा सगळ्यात कठीण प्रतिस्पर्धी कोण. लंडनचे कोणाचे नाव येईल असे वाटले होते. त्याने रहीमबक्षचे नाव घेतले. अलाहाबादच्या कुस्तीच्या वेळी रहीमबक्षची उमेद ओसरत आली होती. आपण ज्याला हरवले तो उतरणीला लागला होता, हे जिंकणारा सहसा स्वतःहून आठवत नाही.

नंतरची वर्षे विचित्र होती. गामाशी लढायला कोणी मिळेना. १९१६ मध्ये पंडित बिद्दू या नामवंत मल्लाला त्याने हरवले. १९२२ मध्ये इंग्लंडचे युवराज आले असता त्याला चांदीची गदा मिळाली. बाकी वाट पाहणे. तो पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांच्या आश्रयाला होता, रोज मेहनत चालू होती, आणि समोर कोणी नव्हते. अखेर जानेवारी १९२८ मध्ये झिबिस्को पतियाळाला आला. दोघेही पन्नाशीच्या उंबरठ्यावर. या वेळी गादी नव्हती, माती होती. हजारोंचा समुदाय जमला होता आणि बहुतेकांना दीर्घ लढतीची अपेक्षा होती. कुस्ती एका मिनिटाच्या आत संपली. लंडनचे राहिलेले दोन तास पस्तीस मिनिटांचे काम पतियाळात पापणी लवते न लवते तोच झाले. पुढच्या वर्षी जेस पीटरसन नावाचा पैलवान आला, त्यालाही दीडएक मिनिटात अस्मान दिसले. त्यानंतर मोठ्या कुस्त्या जवळजवळ संपल्याच. गामाला आयुष्यात कोणी चीत केल्याची नोंद नाही.

आता टपरीवरच्या वादाकडे. ब्रूस ली श्रेष्ठ म्हणणाऱ्या पोराला मी एवढेच सांगितले की ब्रूस लीने स्वतः गामाच्या मेहनतीविषयी वाचले होते आणि आपल्याकडचे जोर-बैठका आपल्या व्यायामात घेतले होते, असे त्याच्याविषयी लिहिणारे सांगतात. तेव्हा तुझा उस्ताद ज्याला मानत होता त्याला तूही थोडे मान. पण म्हणून गामाने ब्रूस लीला हरवले असते का? प्रश्नच चुकीचा आहे. एक ठोशा-लाथांचा, एक पकडीचा. अंतर राहिले तर एकाचे, अंतर मिटले तर दुसऱ्याचे.

असा प्रश्न एकदा खरोखर लावून पाहिला गेला होता. जून १९७६ मध्ये टोकियोत मुहम्मद अली आणि जपानी पैलवान अंतोनियो इनोकी समोरासमोर आले. मुष्टियोद्धा विरुद्ध मल्ल. इनोकी जवळजवळ पूर्ण वेळ पाठीवर पडून अलीच्या पायांवर लाथा मारत राहिला. पंधरा फेऱ्या, निकाल बरोबरी, प्रेक्षक संतापलेले. लंडनच्या झिबिस्कोची आठवण यावी असा प्रकार. त्याच वर्षी डिसेंबरात तोच इनोकी कराचीत आला आणि गामाच्या घराण्यातल्या अक्रम पैलवानाशी लढला. अक्रम हा इमामबक्षचा मुलगा, गामाचा पुतण्या. इनोकीने त्याचा हात पिरगाळून मोडला. त्या रात्री सगळ्या पाकिस्तानला धक्का बसला. तीन वर्षांनी लाहोरात त्याच घराण्यातला तरुण झारा उभा राहिला आणि लढत बरोबरीत सुटली. इनोकीने स्वतः झाराचा हात वर केला. अजिंक्यपण घराण्यात वाटून देता येत नाही, आणि प्रत्येक नियमाबरोबर विजेता बदलतो. म्हणून सगळ्यात मोठा कोण, हे कुस्तीच्या निकालांवरून ठरवायला मी तयार नाही.

मग कशावरून? रमजान आहे म्हणून एक हदीस आठवते. पैगंबरसाहेबांनी एकदा सोबत्यांना विचारले की तुम्ही पैलवान कोणाला म्हणता. ज्याला कोणी पाडू शकत नाही त्याला, असे उत्तर आले. त्यांनी सांगितले की तसे नाही; पैलवान तो, जो रागाच्या वेळी स्वतःला आवरतो. हे सांगणाऱ्याला कुस्ती माहीत नव्हती असे समजू नका. मक्केतल्या रुकाना नावाच्या मल्लाला त्यांनी स्वतः कुस्तीत पाडल्याची कथा आहे. हदीसच्या अभ्यासकांनी तिच्या साखळीविषयी शंका घेतली आहे, पण कथा जुनी आहे. रोजा धरणाऱ्याला दुपारी चार वाजता, उन्हात, रांगेत कोणी धक्का दिला की ही हदीस कशाबद्दल आहे ते नेमके कळते.

१९४७ मध्ये गामा लाहोरात मोहिनी रोडवर राहत होता. वय एकोणसत्तर. त्या गल्लीत हिंदू कुटुंबे बरीच होती. पूर्व पंजाबात मुसलमान कापले जात होते, पश्चिम पंजाबात हिंदू आणि शीख. ज्या अमृतसर जिल्ह्यात गामा जन्मला आणि ज्या पतियाळाने त्याला वाढवले, तिथल्या मुसलमानांची काय दशा झाली याच्या बातम्या लाहोरात रोज येत होत्या. आगगाड्या येत होत्या, त्यांत काय असे ते सगळ्यांना माहीत आहे. म्हणजे राग यायला कारण नव्हते असे नाही. तो त्या शहरात प्रत्येकाच्या मनात होता, आणि त्याला न्यायाचे नावही मिळाले होते.

पुढचे जे आहे ते गामाच्या घराण्यात आणि लाहोरात सांगितले जाते. त्याने गल्लीतल्या हिंदू शेजाऱ्यांना शब्द दिला की माझ्या जिवात जीव आहे तोवर तुम्हाला हात लागणार नाही. जमाव आला तेव्हा तो आपल्या पठ्ठ्यांना घेऊन गल्लीच्या तोंडाशी उभा राहिला. पुढाऱ्याने बाजूला व्हायला सांगितले, गामा हलला नाही. पुढारी अंगावर आला तेव्हा गामाने त्याला एकच थप्पड दिली, आणि जमाव परतला. पुढे काही दिवसांनी लाहोरात राहणे अशक्य झाले तेव्हा त्याने त्या कुटुंबांना सरहद्दीपर्यंत पोचवले, वाटेतल्या शिधासामग्रीचा खर्चही स्वतः केला. निरोप देताना तो रडला म्हणतात.

ज्या माणसाने बाराजणांना एका दिवसात लोळवले त्याच्या हातात त्या दिवशी किती ताकद होती आणि त्याने त्यातली किती वापरली, याचा हिशेब मी अनेकदा मनात केला आहे. समोर उभे होते ते त्याच्याच धर्माचे लोक, त्याच्याच शहरातले, कदाचित त्याच्या कुस्त्यांना टाळ्या वाजवलेले. झिबिस्कोविरुद्ध लढणे सोपे होते, सगळा देश पाठीशी होता. इथे पाठीशी फक्त घाबरलेले शेजारी होते.

शेवटची वर्षे सुखाची गेली नाहीत. संस्थाने गेली, म्हणजे खुराक गेला, आश्रय गेला. मुलगे लहानपणीच वारले होते. दमा आणि हृदयाच्या दुखण्याने शरीर पोखरले. उपचारासाठी मिळालेली पदकेही विकावी लागल्याचे सांगतात. पाकिस्तान सरकारने उशिरा मदत केली. आणि सरहद्दीच्या अलीकडून घनश्यामदास बिर्ला यांनी पैसे पाठवले. कुस्तीचा शौक असलेल्या त्या मारवाडी उद्योगपतीला लाहोरातला आजारी पैलवान आपलाच वाटत होता. २३ मे १९६० रोजी लाहोरात गामा वारला. पुढे पाकिस्तानच्या पंतप्रधान नवाझ शरीफ यांच्या पत्नी म्हणून ओळखल्या गेलेल्या कुलसूम नवाझ या त्याच्याच नातीपैकी.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात एक दगडी कडे ठेवलेले आहे. मधे गोल भोक, वजन सुमारे पंच्याण्णव किलो. गामा ते गळ्यात घालून बैठका मारीत असे. बडोद्याच्या दगडासारखी त्याच्याविषयी शंका घ्यावीशी वाटत नाही. पंच्याण्णव किलो माणूस उचलतो. टपरीवरच्या पोरांना मी त्याचा फोटो दाखवला. ब्रूस लीवाल्याने बराच वेळ तो बोटांनी मोठा करून पाहिला, मग म्हणाला की मान मोडत नसेल का. चाचांनी ग्लास विसळायला घेतले होते. सहरीला तीनएक तास उरले होते, पोरे उठून घरी गेली.